कातळावरचा गोळा

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं लिहायला हात कचरतो. मी इंग्लिश मीडियमची, चारचौघांत गप्प बसणारी; घरीसुद्धा हे सगळं सलग कुणाला सांगितलेलं नाही. इथे मला कुणी ओळखत नाही, म्हणून लिहितेय.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत. गावामागे धरणाचं पाणी पसरलंय. काठ सगळा कातळाचा — मध्येच सरळ तुटलेला, मध्येच पाण्यात लांब घुसलेला. बाबा दर रविवारी तिथे गळ टाकायला जायचे. नेमके कुठे बसतात, ते त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. “आज सांगितली जागा, का उद्या तिथं दहा जन बसतील,” एवढंच म्हणायचे.

बाबा गेले, त्याला या माघात वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तिखटाचं, म्हणजे मासा-मटणाचं जेवण असतं, मग दुखवटा निघतो. आईने वर्षभर मासा तोंडात घातला नव्हता. जेवायचीच कमी; तिचे ब्लाउज मी दोनदा आत घेऊन दिले. काका म्हणाले, बाजारातून चांगला मासा आणू. तर म्हणाली, “त्यांच्या जागंवरचा आना. नायतर घालते गळ्यात तुळशीची माळ, कायमची.”

“वयनी, जागा म्हाईत असती तर मीच नसतो का बसलो?” काका म्हणाले.

त्या सकाळी मी काकांबरोबर निघाले. पाण्यावर धुकं इतकं दाट, की काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. काका जागा निवडताना आधी वारा बघायचे. वारा ज्या काठाला लाटा लोटतो, तिथे मासा चरायला येतो म्हणे. कातळाखाली खोल पाणी हवं, वर झाडाची सावली हवी. अशा तीन जागा झाल्या. गळ तसाच कोरा वर यायचा...

मी कंटाळून पुढे चालत गेले. एके ठिकाणी काठ अगदी बोडका होता. ना झाड, ना खोल पाणी. तिथल्या सपाट कातळावर एक गोळा ठेवलेला दिसला. पेंड आणि शिळा भात मळलेला, गळाला लावतात तसा. ओला. वर अंगठ्याचा तिरपा खड्डा.

बाबांचा उजवा अंगठा मळणीच्या मशीनमध्ये वाकडा झाला होता. परसात बसून ते गोळे वळायचे, तेव्हा प्रत्येकावर असाच खड्डा पडायचा.

मी मागे वळून पाहिलं. गवतावर दव होतं आणि त्यात फक्त माझीच पावलं उमटलेली.

“काका, इथे टाकूया.”

“हितं? हितं बेडूक पन बसनार नाय! शाळंत शिकवलं काय गो हे?”

“टाका ना.” मी कधी हट्ट करत नाही. बहुतेक म्हणूनच त्यांनी टाकला.

मग किती वेळ गेला, सांगता येणार नाही. धुक्यात आम्ही दोघं जणू तरंगत होतो. बाजूला कुणीतरी निवांत बसलंय असं वाटत राहिलं — भीती मात्र अजिबात वाटली नाही. अचानक दोरी ताणली. “धर गो, धर मला!” काका ओरडले. हातभर लांब रोहू! त्यानंतर एकही नाही.

गोळा मी रुमालात घरी आणला. काही न सांगता आईच्या हातावर ठेवला. तिने वास घेतला आणि चुलीपाशी खालीच बसली.

“ओवा हाय ह्याच्यात,” ती म्हणाली. “माझ्या डब्यातला चोरून घालायचे. मला कळत नाय असं वाटायचं त्यांना. म्हनून तर डबा वरच्या फळीवर ठेवायचे मी.”

हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

काका म्हणतात, आधी कोणी गळवाला बसून गेला असेल, ओवा काय फक्त तुमच्याच घरात असतो? असेलही. त्या जागी मी नंतर दोनदा गेले; गोळाही नाही, मासाही नाही. खरं सांगायचं तर मी आता याचं उत्तर शोधतही नाही.

आई त्या दुपारी पोटभर जेवली. रोहूचं डोकं नेहमी बाबांना वाढायची, ते तिने स्वतःच्या ताटात घेतलं. हात धुतले, आणि ओव्याचा डबा काढून खालच्या फळीवर ठेवला. सहज हाताला येईल असा.