सैल अंगठी
शेजारच्या अक्कांकडे सुरमईच्या पोटातल्या अंड्यांची गाबोळी तळली की येलहंक्यातल्या माझ्या घरातली ती दुपार आठवते. सुरमई खाल्लेल्या अन्नातली ताकद वाढीसाठी किती आणि अंड्यांसाठी किती वापरते, याचं मॉडेल मी संगणकावर बनवत होते. अन्न कमी केलं की मॉडेलमधली मादी अंगावरचं मांस झिजवून अंडी भरायची आणि मरायची. “कुठंतरी चुकतंय,” मी म्हणाले. गावाहून आलेली आई सगळी गाबोळी माझ्या ताटात वाढत म्हणाली, “चुकलं काय? तिनं दुसरं काय करायचं?” सैल झालेल्या अंगठीला तिनं दोरा गुंडाळला होता. मॉडेल मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं. आईचा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता. आधी काही लक्षातच आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. तो दोरा मला त्याच दुपारी दिसला होता.