मिरच्यांच्या हंगामातले दगडूमास्तर

दगडूमास्तर गेल्याचं पत्र मला त्यांच्या तेराव्यानंतर मिळालं. रडू नंतर आलं, आधी संतापले... आम्हाला इतक्या उशिरा कळवता? मग पत्राची घडी घातली. पत्राची वेळ काही माझ्या हातात नव्हती. ही समज त्यांचीच देणगी.

इंग्रजांच्या अमदानीत नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघंच शिकवायचो. ते पन्नाशीचे, मी विशीतली भवानी. एका हिवाळ्यात समोरच्या दुकानाच्या शेठजींनी ओल्या मिरच्या आमच्या वर्गाच्या खिडकीखालीच वाळत घातल्या. खोकून बेजार झालेल्या मुली घरी बसू लागल्या. आठवड्यात इन्स्पेक्टर येणार, आणि वर्ग रिकामा दिसला तर शाळा बंद! मी काय करावं? दोन्ही हातांनी मिरच्या भिरकावल्या आणि रागाने आलेले अश्रू त्याच हातांनी पुसले. मग अंगणभर नाचले ते वेगळंच. मास्तर माझ्या डोळ्यांवर पाणी ओतत होते, पण दातओठ खात. तेही पेटलेले होते.

ग्रीस-रोमकडच्या, आपल्या हातात असेल तेवढंच बघा म्हणणाऱ्या स्टोइक लोकांबद्दल त्यांनी इंग्रजीत वाचलं होतं. ते आमच्या अहिराणीत म्हणाले, “राग येस ते येऊ दे. त्याले काम दे. शेठनं मन तुन्हा हातमा नही. शाळा कोठे भरावानी?”

“ते मन्हा हातमा शे,” मी नाक ओढत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा शेठजींच्या ओट्यावर भरली. मुली तीनच.

“मास्तरजी, ये क्या तमाशा?”

“तमाशा नही, शेठ. आमनं आंगन भरेल शे.”

मी तोंड उघडलं. मास्तरांनी नुसतं पाहिलं. शिवी गिळून मी पाढा म्हटला, जरा चढ्या आवाजात. रोज दोन-चार मुली वाढल्या. चौथ्या दिवशी शेठजींची नातच येऊन बसली. इन्स्पेक्टरांनी ओट्यावरच हजेरी घेतली... शाळा वाचली, मिरच्या हलल्या.

पण कुणीतरी वर तक्रार केली आणि मास्तरांची विसरवाडीला बदली झाली. “साहेबाला बघतेच!” मी ओरडले. वळकटी बांधता बांधता ते म्हणाले, “बदली मन्हा हातमा नही. सकायनी घंटा तुन्हा हातमा शे.”

सकाळी मी एकटीच. मास्तरांविना पोरी येतील का? सगळा राग घंटेवर काढला. इतकी बडवली की शेठजी दुकानातून तरातरा बाहेर आले...

नातीचं बोट धरून.