डेअरीच्या फळ्यावरचा गोल

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. शिवाजी पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उद्या भूत जरी आलं तरी मी त्याला "मागं थांबा पावणं, नंबर आहे" असंच सांगणार. तेव्हा हे वाचून मला अंगारे-धुपारे सुचवू नका... कृपा करा.

तर दुकान सांभाळता सांभाळता मी एका ॲपवर कथा लिहायचे. दर रविवारी एक भाग. नायक सदा, पेठेतला फुटबॉलपटू. नाव सदा असलं तरी ते म्हणजे आमच्या शेजारचे बापूकाका, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. काका तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीममधून खेळले आणि नंतर मरेपर्यंत तालमीचा फळा लिहीत राहिले. मॅच, वर्गणी, बारसं, मयत... सगळ्या बातम्या खडूने, सुरेख अक्षरात. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून घ्यायचे, म्हणजे अक्षर ठसठशीत उठतं. त्यामुळे फळ्यावर कायम मुंग्या!

त्यांची आणखी एक सवय म्हणजे प्रत्येक बातमी दोन ठिकाणी लिहायची. एकदा तालमीच्या दारात, एकदा कोपऱ्यावरच्या दूध डेअरीच्या भिंतीवर. कारण मॅचच्या दिवशी समोरच्या टीमची पोरं गुपचूप येऊन तालमीचा फळा पुसून जायची. मला ते नेहमी म्हणायचे, "शुभे, त्या एका ॲपवरच सगळं लिवतीस, उद्या त्येनी पुसलं तर? दुसरा फळा कुठाय तुझा?"

"काका, ती कंपनी आहे. पेठेतली पोरं नव्हेत," मी हसायचे.

गेल्या वर्षी काका गेले. दोन्ही फळे कोरे राहिले, कारण तसं अक्षरही कुणाला नाही आणि तेवढी हौसही नाही. कथा मात्र चालू राहिली ती काकीसाठी. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून रविवारी सकाळी ती दुकानात येऊन बसायची आणि मी मोबाईलवरून वाचून दाखवायचे. शेवटचा भाग राहिला होता आणि कळलं, लेक तिला कायमची हुबळीला नेणार. रविवारी दुपारी जावई गाडी घेऊन येणार होते.

"जायच्या आधी सदाचं काय हुतंय ते सांग बाई," काकी म्हणाली. "त्याबिगर माझा पाय निघायचा न्हाय."

शनिवारी संध्याकाळी मी तो भाग ॲपमध्येच टाइप केला, सेव्ह केला. कुणालाही दाखवला नाही. तालमीची फायनल आणि सदाची शेवटची पेनल्टी. खऱ्या काकांनी ती पेनल्टी घालवली होती. पण आयुष्यभर छाती ठोकून सांगायचे, की चेंडू बारला लागून रेषेच्या आतच पडलेला, पंच आंधळा! मी मात्र खरं तेच लिहिलं, की चेंडू बाहेर पडला. जीव ओतला होता हो त्यात.

रविवारी सकाळी ॲप उघडलं तर — अकाउंट बंद! म्हणे नियमांचं उल्लंघन. कुठला नियम? कोण सांगतंय! मेल केला तर मशीनचं छापील उत्तर. अहो, दिवसभर अख्ख्या पेठेच्या कागदांच्या कॉप्या काढणारी बाई मी, आणि स्वतःच्या कथेची एक कॉपी नाही! जुने भाग वाचकांनी पुढे स्क्रीनशॉट पाठवून जमवून दिले, देव त्यांचं भलं करो. पण शेवटचा भाग कुणाकडे असणार? आठवून लिहायला बसले तर एक वाक्य धड येईना. आणि काकी आता कोणत्याही क्षणी येणार... दुकानातच ढसाढसा रडले.

तेवढ्यात डेअरीवाला मारुती दारातून ओरडला, "शुभाताई, तुमच्या सदाचं फळ्यावर कवा लिवलासा? भारी झालंय की!"

मी धावतच गेले. डेअरीचा फळा काठोकाठ भरलेला. माझा शेवटचा प्रसंग, माझीच वाक्यं, स्वल्पविरामासकट! आणि अक्षर... अक्षर बापूकाकांचं. तोच पोट सुटलेला 'ळ'.

"मारुती, कुणी लिहिलं हे?"

"मला वाटलं तुम्हीच. डेअरी उघडली तवाच हुतं की."

काकी काठी टेकत आली. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले. माणसं जमली. "चेंडू बारला लागला आणि..." इथं मी थबकले. पुढे 'बाहेर' लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, 'आत पडला. गोल!'

काकी जी हसत सुटली! "अगं बया! मेल्यावरबी ऐकंना ह्यो माणूस! भाईरच पडलेला गं, गोलच्या मागंच बसलेलो आम्ही!"

मग तिनं चाचपत एका अक्षराला बोट लावलं. बोटावर मुंगी चढली. ती झटकून तिनं बोट जिभेला लावलं.

"गोड हाय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "पुन्यांदा वाच. पेनल्टीपासनं."

दुपारी काकी हसत हसत हुबळीला गेली. मी फळ्याचे फोटो काढून ठेवले होते, अर्थात!

काही दिवसांनी अकाउंट आपोआप परत सुरू झालं. कारण तेव्हाही नाही. मी तो सेव्ह केलेला भाग उघडला आणि फोटोशी ताडून पाहिला. शब्द न् शब्द तोच. फक्त तिथं 'बाहेर' होतं. म्हणजे मी 'बाहेर'च लिहिलं होतं, माझी आठवण चुकलेली नव्हती.

कुणी म्हणालं हॅकिंग. बरं, हॅकरला काकांचा 'ळ' कुठून आला? आणि साखरेचं पाणी? मी उत्तर शोधायचं सोडलंय. मात्र आता कथा माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे, वाचकांना मेलनं जाते, पेन ड्राइव्हमध्ये आहे आणि एक छापील प्रत काकीच्या उशाशी. सगळीकडे गोलच ठेवलाय. आणि दर रविवारी आता नव्या कथेचा भाग जातो.

काकीला फोनवर विचारलं, "कुणी लिहिलं असेल गं ते?"

"त्ये सोड," ती म्हणाली. "ह्या आठवड्याचं दुसऱ्या फळ्यावर लिवलंस न्हवं?"

लिहिलं की, काकी.