सॉफ्टवेअरला शनिवार शिकवताना

कंपनीत नवं सॉफ्टवेअर येणार म्हणून नारळ फुटला, तेव्हा पेढा खाणाऱ्यांत मीही होते. त्याची खरी किंमत दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितली. खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब, सगळा कारभार आता त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये जाणार होता. त्यामुळे नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या कारखान्यातलं नियोजन खातं बंद करून ते काम पुण्याच्या हेड ऑफिसला न्यायचं ठरलं होतं. सॉफ्टवेअर चालवणारं आणि लागतील तसे त्यात प्रोग्रॅम लिहिणारं एकच माणूस इथे राहणार, बाकीच्यांची बदली.

मी बी.कॉम. 'प्रोग्रॅम' हा शब्द मला गणपतीतल्या करमणुकीपुरता माहीत. पण मुलगी आठवीत, नवरा इथल्याच बँकेत आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. पुण्याला जायचं म्हणजे होस्टेलची खाट पकडायची आणि रविवारी आपल्याच घरी पाहुणी म्हणून यायचं. खात्यातल्या इतरांना पुण्याची हौस होती. मी म्हटलं, मी शिकते. साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत जमलं तर उत्तम. नाहीतर तुम्हीही पुण्याला."

शिकवायला हैदराबादहून एक तरुण मास्तर आला. चांगलं पोरगं, पण त्याला वाटायचं की आईच्या पोटातूनच माणूस कोड लिहीत येतो. पहिल्या दिवसापासून त्याने मला विमानं शिकवली. त्या सॉफ्टवेअरमध्ये सरावासाठी म्हणून जो मजकूर भरलेला असतो तो सगळा विमानांचा. फ्रँकफर्टहून न्यूयॉर्कला कोण निघालं, किती जागा रिकाम्या, तिकीट केवढ्याचं. इथे आमच्या ओझरला विमानं बनतात, पण आम्हाला ती खालून मान वर करून बघण्यापुरती. मी मात्र महिनोन्‌महिने परक्यांना विमानात बसवत होते, आणि ज्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या तांब्याच्या पट्ट्यांचं आणि नट-बोल्टचं कोणी नावही काढत नव्हतं.

त्यात त्या भाषेचे नखरे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंब द्यायचं. विसरलं की एरर, आणि ती चूक असेल तिथे दाखवेल तर शपथ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी खालच्या निष्पाप ओळी पुसून पुन्हा लिहीत बसायची आणि मास्तर मागून येऊन वरच्या ओळीत एक टिंब टाकून जायचा. मला इतका संताप यायचा की डबा उघडायचीही इच्छा व्हायची नाही.

तरी श्रावण संपता संपता माझा पहिला खरा प्रोग्रॅम उभा राहिला. कुठला माल कोणत्या तारखेला हवा ते काढायचं आणि पुरवठादारांना कळवायचं. साहेबांनी यादी पाहून शाबासकी दिली. त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, मी डोक्याला तेल चोपडून बसलेली असताना गेटवरच्या वॉचमनचा घरी फोन.

"मॅडम, इथं लय ट्रक लागलेत. डायवर म्हनत्यात आजच बोलावलंय. आज तर सुट्टी हाय ना?"

सुट्टीच होती. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून कधीकाळी कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिलेले, त्यात आमच्या वाट्याला शनिवार आला होता. आम्ही रविवारी कामावर जायचो आणि शनिवारी केस कापायचो, दळण आणायचो, सिनेमाला जायचो. आणि माझ्या प्रोग्रॅमने अर्ध्या पुरवठादारांना नेमका शनिवार दिला होता.

सोमवारी मास्तर यायच्या आधीच मी दुरुस्ती केली. तारीख शनिवारची आली तर एक दिवस पुढे ढकल. झालं! पण रविवार आला की सॉफ्टवेअर तो स्वतःहून सोमवारवर ढकलायचं. रविवारी लागणारा माल सोमवारी यायला लागला आणि रविवारी कामगार हात बांधून बसले. मग मी शनिवारला शुक्रवारवर मागे ओढलं, तर शुक्रवारी ट्रक उभे करायला जागा पुरेना. एका अटीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असं ठिगळ लावत लावत माझ्या प्रोग्रॅमची पार गोधडी झाली. दसरा उलटला. साहेबांनी पुण्यातल्या होस्टेलचा पत्ता आणून माझ्या टेबलावर ठेवला, तोही सहानुभूतीने. त्याचा तर मला जास्तच राग आला.

शेवटी मास्तरपुढे मी अक्षरशः रडले. त्याने सगळा कोड वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मॅडम, कोड तो बराबर है. लेकिन आप शनिवार के पीछे क्यों पडी हैं?"

"कारण शनिवारी कारखाना बंद असतो!"

"हां, तो संडे को भी तो बंद रहता है ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो दर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला जायचा आणि सोमवारी उगवायचा. आम्ही रविवारी कामावर असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण सातपुरात ही सांगायची गोष्टच नव्हे. त्याने हेड ऑफिसचं कॅलेंडर जसंच्या तसं आमच्या कारखान्याला लावलं होतं. त्याने कॉम्प्युटरवर त्या कॅलेंडरचा पडदा उघडला, रविवारची खूण काढली, शनिवारवर केली. संपलं. यात कोडची एक ओळ नव्हती, एक टिंब नव्हतं! माझी गोधडी त्याने हसत हसत पुसून टाकली, आणि त्या क्षणी त्याला फ्रँकफर्टच्या विमानात बसवून कायमचं पाठवून द्यावंसं मला वाटलं.

यादी बिनचूक यायला लागली. पुण्याहून मोठे साहेब आले, त्यांनी पाहिली आणि दिवाळीच्या आत माझं नाशिक पक्कं झालं. कंपनीने मोबाईल दिला. मी खुशीत होते.

मग कळलं की तो मोबाईल कशासाठी आहे. हेड ऑफिस शनिवारी चालू, कारखाना रविवारी चालू, आणि दोन्हीकडे काही अडलं तर सोडवणारी मी एकटी. शनिवारी पुणं बोलवायचं, रविवारी सातपूर. नवऱ्याला आणि मुलीला एकत्र सुट्टी असलेल्या अशाच एका रविवारी मी चपला घालत असताना सासूबाई ओट्यापाशी गुडघे चोळत म्हणाल्या, "पुन्याला गेली असतीस तर बरं झालं असतं गं. रविवारी तरी घरी आली असतीस."

मी दुसरी चप्पल पायात सरकवली. मोबाईल वाजत होता.