थोरल्याची शेवटची अंघोळ

गल्लीच्या तोंडाशी बसून किल्ल्या घासून देणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे किल्लीकाका म्हणत. सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराची किल्लीही त्याच्याचकडे, कारण सांभाळायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. सिनेगॉगच्या मागच्या दोन खोल्यांत तो, त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी राहत. गावातले ज्यू म्हणजे एवढेच. बाकीचे कोणी परदेशी गेले, कोणी वर गेले. वर गेलेल्या पुरुषांना शेवटची अंघोळ घालायचं काम थोरला धड होता तोवर या दोघा भावांचं. एकाने देह कुशीवर धरायचा, दुसऱ्याने पाणी घालायचं. पुरुषाला पुरुषानेच, आणि तोही आपल्यातलाच हवा.

अधूनमधून पाहुणे यायचे. देशोदेशी फिरायचं आणि जाऊ तिथे मूठभर उरलेले ज्यू हुडकून त्यांना भेटायचं, हा या मंडळींचा छंद. किल्लीकाकाला त्यांचं कोण कौतुक! निघताना ते त्याचे दोन्ही हात धरून म्हणत, "आपण एकाच घरातले. काही लागलं तर हक्काने सांगा." त्या भोळसटाला ते खरं वाटायचं. आजवर त्याने काही मागितलं नव्हतं, म्हणून ते खरंच राहिलं होतं.

त्या दिवशी पहाटे थोरला गेला. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, सुटला. अंधार पडायच्या आत माती द्यायची होती. वहिनी बाह्या सरसावून उभ्या राहिल्या. "भाऊजी, मी धरते त्यांना. रोज कूस मीच बदलत होते ना?"

"बायकांचं काम नाही ते," तो खेकसला. "आज पाहुणे यायचेत. आपलीच माणसं. देवानेच धाडलीत."

"देवाला बरी आजच आठवण झाली," असं म्हणून वहिनी बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

पाहुणे आले. आल्या आल्या दुःख सांगितलं तर त्यांचा हिरमोड होईल, म्हणून किल्लीकाकाने आधी सगळं दाखवलं. दिवे, बाकं, कपाटातली पोथी. त्यांच्याबरोबर फोटोला हसलासुद्धा. मग हळूच म्हणाला, "भाऊ गेलाय माझा आज. मागे आहे. अंघोळीला एक जण हवाय, फक्त धरायला."

सगळ्यांचे चेहरे एकदम उतरले.

"अरेरे!" एक जण म्हणाला. त्याची कंबर धरलेली होती. दुसऱ्याला अशा गोष्टी बघवत नव्हत्या. त्यांच्यात एक डॉक्टर होता, तो म्हणाला, "मी आता निवृत्त झालोय हो." जसं काही मेलेल्याला इंजेक्शनच द्यायचं होतं! एक उंच तरुण मात्र पुढे आला. किल्लीकाकाचा जीव भांड्यात पडला.

"मी येतो," तरुण म्हणाला. "पण मला चित्रीकरण करू द्याल? हे आता कुठेच बघायला मिळत नाही."

"उघडा असतो रे तो."

"मग राहू दे," तरुण म्हणाला, आणि त्याला त्याचं खरोखरच वाईट वाटलं. बाहेर त्यांच्या गाडीने हॉर्न दिला. जाता जाता प्रत्येकाने किल्लीकाकाला मिठी मारली. "इतकं आपलेपण कुठेच मिळालं नाही," डॉक्टर म्हणाला.

किल्लीकाका मागे आला. वहिनी दारातच बसल्या होत्या. एक हाक मारायचा अवकाश, त्या उठल्या असत्या. पण सकाळी एवढा तोरा मिरवल्यावर आता कोणत्या तोंडाने मारायची? त्यांच्या अंगावरून तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

एका हाताने त्याने फळीवर निजवलेल्या थोरल्याला कुशीवर वळवून धरलं, दुसऱ्या हाताने तांब्या घेतला. फळी ओली होती. ओलं अंग हातातून निसटलं आणि थोरला तोंडावर खाली आला. कपाळ फरशीवर आपटलं.

"भाऊजी, काय पडलं?"

"काही नाही. बादली."

दारापलीकडे वहिनी उठून दाराला टेकल्या. मग म्हणाल्या, "पाठीला हात न लावता उचला. तिथे फार दुखतं त्यांना."