पंख्याची सुनावणी

निरपराधाला शिक्षा होता कामा नये, हे तत्त्व आयुष्यभर पाळणारा एकच माणूस मी पाहिला. ते माझे मामा. मामा सोलापूरच्या कोर्टात कारकून होते. तिथं या तत्त्वाचं काय होई, याबद्दल ते फारसं बोलत नसत. मी त्यांना ते पाळताना पाहिलं ते निवृत्तीनंतर, घरासमोरच्या लिंबाखाली, जुन्या मोटारीचं बॉनेट उघडून उभे असताना.

बिघडलेली वस्तू दुरुस्तीला बाहेर द्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. "गॅरेजवाला आदी दिसंल त्याला फाशी देतो," ते म्हणत. "आन न्हाय भागलं की शेजारच्याला." नोकरी शहरात झाली तरी मामांची बोली सांगोल्याचीच राहिली. ते प्रत्येक भागाची वेगळी सुनावणी घेत. मिक्सरची सुनावणी लांबली तेव्हा मामींनी कित्येक दिवस पाट्यावर चटणी वाटली. "कोर्टातल्या तारखा घरी घेऊन आलेत," एवढंच त्या म्हणाल्या.

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, सात रस्त्याच्या सिग्नलला मोटारीचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. पुण्याहून मुलाचा, शिरीषचा, फोन आला. "बाबा, आता बास झालं. रविवारी येतो, गिऱ्हाईक घेऊनच येतो. कुठं जायचं असलं की मला सांगा, मी इथून गाडी बुक करून देईन."

मामांनी फोन खाली ठेवला. मामींचं माहेर मैंदर्गी. त्यांची थोरली बहीण तिथं अंथरुणाला खिळलेली होती, आणि दर आठवड्याला दोघं तिला भेटायला जात. "गाडी गेली," मामा मला म्हणाले, "की आमी कुणी न्हेलं तर जाणारी माणसं झालो बघ." हे त्यांनी कोर्टाच्या भाषेत सांगितलं नाही, म्हणून मला ते गंभीर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी सुरू झाली. मला गाडीत किल्लीपाशी बसवलं. "हात आत घालू नको. बंद इंजिनातबी पंखा कवाबी उठतो. आन रेडिएटरचं टोपण गार झाल्याबिगर उघडायचं न्हाय." एसी लावला तर पंखा फिरायला हवा, हे खरं, पण एसीतला गॅस केव्हाच संपलेला, त्यामुळं ती साक्ष बाद झाली. फ्यूज शाबूत निघाला. पंख्याला वीज सोडणारा रिले काढून मामांनी तो हॉर्नच्या रिलेच्या जागी बसवला आणि मला हॉर्न दाबायला लावला. समोरच्या गॅलरीत दोन माणसं आली. "रिले निर्दोष!" मामांनी त्यांना कळवलं. बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याच्या मोटरला दिल्या, तसा पंखा घरघरत सुटला. मोटरही सुटली.

"साकु री," मामी दारातून ओरडल्या. चिडल्या की त्या कानडीत जात. "ऊटा माडरी! जेवून घ्या! आरोपी काय पळून जात न्हाय."

राहिला पंख्याला पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर; काट्याचा वेगळा होता. त्याचा प्लग उपसला आणि मी किल्ली फिरवली, तर पाणी गार असल्याचं खोटं सांगणारं कुणी न उरल्यानं पंखा आपोआप सुरू झाला. "घावला," मी म्हणालो. मामांनी मान हलवली. "त्याचं म्हणणं ऐकू की."

इंजिन गार झाल्यावर त्यांनी सेन्सर खोलून तळहातावर घेतला. त्यावर पांढऱ्या खडूसारखा जाड थर होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पिण्याचं पाणी मोटारीला घालणं मामांना पाप वाटे, म्हणून ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरत आले होते. त्या क्षारांनी सेन्सर आंधळा झाला होता.

मामांनी नखानं तो थर खरवडून पाहिला. मग म्हणाले, "हा साक्षीदार हाय रे. ह्यो आरोपी न्हाय."

"मग आरोपी कोण?"

"सुनावणी घेणारा साहेब," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

नवा सेन्सर बसला, रेडिएटर धुऊन कूलंट भरलं. रविवारी मामांनी शिरीषला शेजारी बसवलं आणि टळटळीत उन्हात सात रस्त्याला चकरा मारल्या. काटा मध्यावरून हलला नाही. शिरीष घाम पुसत म्हणाला, "बरं, राहू द्या." गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं.

त्यानंतर मामांनी दोन उन्हाळे गाडी चालवली. मैंदर्गीच्या वाटेवर ते मधूनमधून थांबत, बॉनेट उघडून पंखा ऐकत आणि समाधान झालं की निघत. गेल्या थंडीत ते गेले. शोकसभेत त्यांच्या न्यायबुद्धीवर तीन भाषणं झाली. पंख्याचा उल्लेख कुणी केला नाही. शिरीषनं गाडी विकली. मामींना दर आठवड्याला कोण नेणार, याची आम्ही सगळ्यांनी मनापासून काळजी केली.

मामी एसटीनं जातात. ती वाटेत पंखा ऐकायला थांबत नाही, त्यामुळं पूर्वीपेक्षा लवकर पोचतात.