चुकीचं गाणारे पेटीमास्तर

पेटीमास्तर आजाऱ्यासमोर मुद्दाम चुकीचं गायचे. ताडकळसला शाळेतून निवृत्त झालेले. आसपास कुणाला लकवा मारल्याचं कळलं, की मोटारसायकलला पेटी बांधून हजर. तब्येत कशी आहे, हे विचारायची रीतच नाही. आजाऱ्याच्या आवडीचं गाणं धरायचं आणि त्यातले शब्द चुकवायचे. माणूस चिडून दुरुस्त करायला गेला, की मास्तर खूश.

माझ्या वडिलांची, बापूंची, लकव्यानं वाचा गेली तेव्हा डॉक्टरांनीही हात टेकले होते. मास्तर म्हणाले, "जीभ रुसली असंल, गळा न्हाई रुसला." पण एकट्यासाठी पेटी उघडणार नाही, शेजारची चार माणसं बोलवा, ही त्यांची अट. दोन महिने आमच्याकडे न फिरकलेले बापूंचे जुने सोबती ओसरीवर जमू लागले. मास्तरांनी मोटेवरचं गाणं धरलं, बैलाचं नाव चुकवलं, आणि मुके बापू तावातावानं बरोबर नाव गायले. आई पदर तोंडाला लावून रडली. बोलणं मात्र येईना. शब्द निघायचा तो गाण्यातच. गाण्याबाहेर एक शब्द आला की पुढचे आपोआप येतील, असं मास्तर सांगायचे. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो.

अशात भावकीतले एक चुलते वारले. तेरवी होईपर्यंत घरात गाणंबजावणं बंद. तिसऱ्या दिवशी मास्तर आले, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ते इतकंच म्हणाले, "सुतक तुमाला हाय, आजाराला न्हाई." मला ते पटलं होतं. पण भावकी नावं ठेवील, याचं भय मोठं. मी पहिल्यापासून भित्राच.

नवव्या दिवशी दुपारी बापू दाराकडे बघत स्वच्छ बोलले, "मास्तर." चाल नाही, सूर नाही. घरात मी एकटाच होतो. तेरवी होऊ द्या, असं म्हणून मी त्यांची चादर सारखी केली. दोन दिवसांनी दुसरा झटका आला आणि बापू गेले.

मास्तर भेटायला आले. त्यांनी विचारलं, "गाण्याबिगर एखादा शब्द बोलले का हो कधी?"

हो म्हटलं असतं, तर कुणाला हाक मारली होती तेही सांगावं लागलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो.

मास्तर मान हलवत उठले. पुढे पालमहून एका आजारी बाईचा मुलगा त्यांना न्यायला आला, तर "आपल्यानं काय होत न्हाई" म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. मागच्या उन्हाळ्यात मास्तर वारले. तोवर वर्षभर मी त्यांना बाजारात दर आठवड्याला भेटत होतो, आणि खरं सांगितलं नाही.